पिंजऱ्यात कोणाला उभे करायचे?

न्युरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायालयात २९ एप्रिल १९४६ रोजी ज्युलियस श्ट्रायखर साक्ष देत होता. ‘डेर श्ट्युर्मर’ या साप्ताहिकाचा तो संस्थापक. १९२३ पासून दोन दशके या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्ध विष ओकले होते. श्ट्रायखरने स्वतःच्या हाताने कोणाचा जीव घेतल्याचा आरोप नव्हता. आरोप होता तो लिहिण्याचा, चिथावण्याचा. बचाव करताना त्याने अचानक मार्टिन ल्यूथरचे नाव घेतले. ल्यूथरचे ज्यूंवरचे पुस्तक सरकारी पक्षाने विचारात घेतले असते, तर आज माझ्या जागी ल्यूथरच बसलेला दिसला असता, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

ल्यूथरला जाऊन तेव्हा चारशे वर्षे झाली होती. न्यायाधीशांनी श्ट्रायखरला दोषी ठरवले आणि १६ ऑक्टोबर १९४६ रोजी त्याला फाशी दिले. पूर्वेकडे ज्यूंची कत्तल चालू आहे हे ठाऊक असतानाही तो त्यांच्या संहाराची हाक देत राहिला, हा निकालाचा कणा होता. निकाल योग्यच होता. पण जीव वाचवण्यासाठी एका गुन्हेगाराने विचारला, एवढ्याने तो प्रश्न खोटा ठरत नाही. ज्याच्या नावाने पंथ उभा राहिला, त्याच्या नावाने पुढे रक्त सांडले तर त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा?

आपल्याकडे दंगल झाली, देऊळ किंवा मशीद पडली, कोणाला जमावाने ठेचून मारले की दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, त्या धर्माच्या मुळातच खोट आहे. दुसरे म्हणते, असे करणारे खरे अनुयायीच नव्हेत. दोन्ही उत्तरे ऐकायला ठाम वाटतात आणि दोन्हींमुळे पुढचा तपास थांबतो. पहिल्यात आज हातात शस्त्र घेणारा माणूस सुटतो, दुसऱ्यात त्याला शिकवणारा सुटतो. म्हणून एकेक प्रकरण उघडून, कोण काय बोलले, केव्हा बोलले आणि परिणाम डोळ्यांसमोर आल्यावर त्याने काय केले, हे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

ल्यूथरपासूनच सुरुवात करू, कारण त्याच्याविषयीची कागदपत्रे मुबलक आहेत.

१५१७ मध्ये विटेनबर्गमध्ये पापमुक्तीच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडणारा हा संन्यासी-प्राध्यापक काही वर्षांतच अर्ध्या जर्मनीचा आवाज झाला. धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचावा, ख्रिस्ती माणूस कोणाचा गुलाम नाही, ही त्याची वाक्ये कुळांच्या आणि वेठबिगारांच्या कानांवर पडली. त्यांनी त्यांचा अर्थ आपल्या परीने लावला. १५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन शहरात बंडखोर शेतकऱ्यांनी बारा मागण्यांचा जाहीरनामा काढला. ख्रिस्ताने स्वतःचे रक्त देऊन साऱ्यांना मुक्त केले आहे, मग आम्ही कोणाची मालमत्ता कसे, असा त्यातला एक सवाल होता. सोबत बायबलमधले संदर्भ होते. ही माणसे स्वतःला ल्यूथरच्याच वाटेवरची समजत होती.

ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना सबुरीचा सल्ला दिला आणि सरदारांनाही त्यांच्या लोभाबद्दल खडसावले. मग बंड पेटले, मठ आणि गढ्या जळाल्या आणि मे महिन्यात त्याने दुसरी पुस्तिका लिहिली. बंडखोर शेतकऱ्याला जमेल तसा, जमेल तिथे, उघड वा गुपचूप मारावा, भोसकावा, हे पुण्यकर्म आहे, अशी मुभा त्याने सरदारांना दिली. १५ मे १५२५ रोजी फ्रांकनहाउझेनला राजांच्या फौजांनी हजारो शेतकरी कापून काढले. त्यांचा धर्मगुरू थॉमस म्युंट्सर पकडला गेला आणि त्याचे शिर उडवले गेले. ल्यूथरची पुस्तिका लोकांच्या हाती पडली ती साधारण याच सुमारास, प्रेतांचे ढीग पडत असताना. या संपूर्ण युद्धातल्या मृतांचा अंदाज ७० हजार ते १ लाख असा केला जातो.

राजांनी ल्यूथरच्या परवानगीसाठी तलवारी म्यान करून ठेवल्या होत्या असे मुळीच नाही. पुस्तिका निघाली नसती तरीही फ्रांकनहाउझेन घडले असते. म्हणून कार्यकारणाच्या तराजूत ल्यूथरच्या शब्दांचे वजन कमी भरेल. दोषाच्या तराजूत मात्र ते जड आहे. स्वतःच्या मित्रांनीही नापसंती दाखवली तेव्हा त्याने त्या उन्हाळ्यात खुलासा लिहिला, आणि त्यात आपला एकही शब्द मागे घेतला नाही. पुढे जेवणाच्या टेबलाशी त्याचे शिष्य त्याची वाक्ये टिपून ठेवत. १५३३ च्या एका टिपणात तो म्हणतो की त्या बंडात सगळे शेतकरी मीच मारले, त्यांचे रक्त माझ्या मानेवर आहे, पण मी ते देवाकडे सोपवतो, कारण त्यानेच मला तसे बोलायला लावले. एखाद्या पंथप्रवर्तकाने जबाबदारी इतक्या उघडपणे घेणे आणि त्याच श्वासात ती वर ढकलून देणे, हे इतिहासात क्वचितच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले असेल.

श्ट्रायखरने ज्या पुस्तकाचा दाखला दिला ते १५४३ चे. वीस वर्षांपूर्वी, १५२३ मध्ये, याच ल्यूथरने येशू जन्माने ज्यू होते याची आठवण देऊन ज्यूंशी माणुसकीने वागा असे लिहिले होते. त्यामागे त्यांनी धर्मांतर करावे ही आशा होती. ती फळली नाही आणि म्हाताऱ्या ल्यूथरच्या लेखणीला द्वेषाची धार चढली. त्यांची प्रार्थनामंदिरे जाळा, घरे पाडा, धर्मग्रंथ काढून घ्या, रब्बींना शिकवायला बंदी करा, रस्त्यावरचे संरक्षण काढा, सोनेनाणे जप्त करा, तरुणांना अंगमेहनतीला जुंपा, अशी सात कलमांची यादीच त्याने राज्यकर्त्यांना दिली. ही रूपककथा नव्हती, की अर्थ लावण्यात कोणाची चूक व्हावी. हा कृती-कार्यक्रम होता.

‘त्या काळी सगळेच तसे होते’ हा बचाव इथे नेहमी पुढे येतो. त्या काळातली माणसेच तो खोडून काढतात. जर्मन ज्यूंचे प्रतिनिधी योझेल फॉन रोसहाइम यांनी १५३७ मध्ये ल्यूथरकडे मदत मागितली होती. त्याने भेटही दिली नाही. १५४३ चे पुस्तक निघाल्यावर योझेल यांनी स्ट्रासबर्गच्या नगरसभेकडे दाद मागितली आणि सभेने आपल्या शहरात ते छापायला मनाई केली. झुरिकचा सुधारक हाइनरिख बुलिंगर याने त्याच्या भाषेवर कडक टीका केली. म्हणजे त्याच शतकातल्या, त्याच चळवळीतल्या शहाण्या माणसांना हे वाईट आहे हे दिसत होते.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग पेटले. १० नोव्हेंबर हा ल्यूथरचा जन्मदिवस. थुरिंगियाचा बिशप मार्टिन झासे याने लगोलग ल्यूथरच्या ज्यूविरोधी मजकुराची पुस्तिका काढली आणि प्रस्तावनेत या योगायोगाचा गौरव केला. ल्यूथरच्या सात कलमांपैकी पहिले कलम चार शतकांनी अक्षरशः अमलात आले होते.

मग श्ट्रायखर बरोबर होता का? इथे डेन्मार्ककडे बघावे लागते. डेन्मार्क १५३६ पासून ल्यूथरन. राज्याचे अधिकृत चर्चच ते. १९४३ च्या शरदात जर्मनांनी डॅनिश ज्यूंना पकडून नेण्याची तयारी केली तेव्हा कोपनहेगनचे बिशप हान्स फुग्लसांग-डामगार्ड यांनी निषेधाचे पत्र काढले. ३ ऑक्टोबर १९४३ च्या रविवारी ते देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. त्या आठवड्यांत कोळ्यांच्या होड्यांमधून सुमारे ७,२०० ज्यू समुद्र ओलांडून स्वीडनला पोचले. संस्थापक तोच, प्रार्थना तीच. फरक होता तो संस्थापकाच्या कपाटातून काय काढायचे, याच्या निवडीचा. झासेने १५४३ चा ल्यूथर काढला. डॅनिश पाळकांनी तो कपाटात राहू दिला.

म्हणून ल्यूथरचा दोष त्याच्या यादीपुरता पुरा आहे, तो कोणत्याही सबबीने कमी होत नाही. आणि तरीही १९३८ च्या रात्री काडी ओढणाऱ्या हाताचा दोष त्याने कणभरही हलका होत नाही. दोष म्हणजे ताटातली भाकरी नव्हे, की एकाला मोठा तुकडा दिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला लहान यावा.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते जपानच्या एका अलीकडच्या प्रकरणात. तिथे संस्थापक खरोखरच पिंजऱ्यात उभा होता.

२० मार्च १९९५ च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांत ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी सरिन वायूच्या पिशव्या फोडल्या. १३ माणसे मरण पावली आणि हजारो जण बाधित झाले. पुढे मृतांचा आकडा आणखी एकाने वाढला. आदल्या वर्षी जूनमध्ये मात्सुमोतो शहरात याच पंथाने हाच वायू सोडून ८ जणांचा बळी घेतला होता. पंथाचा संस्थापक शोको आसाहारा, मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो. योग, बौद्ध विचार आणि जगबुडीची भाकिते यांची त्याने सरमिसळ केली होती. तिबेटी साधनेत मरणाऱ्याची चेतना वरच्या लोकात पाठवण्याची एक कल्पना आहे. आसाहाराने ती वाकवून असा अर्थ शिकवला की पापी माणसाला ठार मारणे म्हणजे त्याचा उद्धारच. सरिन बनवणाऱ्यांत चांगल्या विद्यापीठांत शिकलेले रसायनशास्त्राचे आणि वैद्यकाचे लोक होते.

इथे अर्थ लावण्याचा प्रश्नच उरला नाही. हल्ला आसाहाराच्या आदेशाने झाला, असे न्यायालयाने ठरवले. २००४ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि ६ जुलै २०१८ रोजी फाशी झाली. पण त्या जुलै महिन्यात फाशी गेलेल्यांची संख्या १३ होती. गुरूने सांगितले म्हणून आम्ही केले, हा बचाव बाकीच्या १२ जणांना तारू शकला नाही. आदेश देणाऱ्याचा पुरा दोष आणि आदेश पाळणाऱ्याचाही पुरा दोष, दोन्ही एकाच न्यायव्यवस्थेने शेजारी शेजारी मान्य केले.

आसाहारा हे एक टोक. दुसऱ्या टोकाला असे संस्थापक आहेत ज्यांनी शस्त्र उचललेच नाही. येशूंच्या हयातीत त्यांच्याकडे ना फौज होती ना सत्ता. रोमन सत्तेनेच त्यांना क्रुसावर चढवले. त्यांच्या अनुयायांनी एका ख्रिस्ती माणसाला पाखंडी ठरवून राज्याच्या हातून ठार करवले ते ३८५ च्या सुमारास, ट्रिअर शहरात. प्रिसिलियन हे त्याचे नाव. तूरचे बिशप मार्टिन यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे साडेतीनशे वर्षे मध्ये गेली आणि मधल्या काळात सम्राट ख्रिस्ती झाले होते.

तरीही जबरदस्तीला आधार शोधणाऱ्यांना शुभवर्तमानात एक गोष्ट सापडलीच. येशूंनी सांगितलेल्या दृष्टांतात एक यजमान मेजवानी मांडतो, आमंत्रित येत नाहीत, तेव्हा तो चाकराला रस्त्यावरच्या लोकांना भाग पाडून आत आणायला सांगतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या फुटीर डोनॅटिस्ट पंथाशी झगडताना संत ऑगस्टीन यांनी या यजमानाच्या आज्ञेत राज्याच्या बळाचा आधार पाहिला. आधी ते जबरदस्तीच्या विरोधात होते, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. दंडाच्या भीतीने माणसे परत येतात हा अनुभव आल्यावर त्यांचे मत बदलले. पुढच्या हजार वर्षांतल्या धर्मन्यायाधीशांना त्यांचा हा आधार हाताशी मिळाला.

ती साखळी आपल्या दारापर्यंत आली. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले. ते प्रत्यक्ष सुरू झाले १५६० मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर ८ वर्षांनी, आणि मधला एक लहान खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी घरात जुन्या चालीरीती पाळल्याच्या संशयावरून कैद, छळ आणि शिक्षा झाल्या. या दगडी कोठड्यांचा दोष मेजवानीची गोष्ट सांगणाऱ्या येशूंवर टाकायचा, तर मधल्या प्रत्येक माणसाला मोकळे सोडावे लागेल: ऑगस्टीन, सम्राट, राजा तिसरा जुआंव, पत्र लिहिणारा झेवियर, आणि संशयिताच्या घरात डोकावून कागाळी करणारा शेजारी.

फ्रान्समधून परागंदा होऊन रॉटरडॅमला राहिलेला पिएर बेल या साखळीविरुद्ध लढला. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतले आणि त्याच वर्षी बेलचा भाऊ धर्मामुळे तुरुंगात मरण पावला. १६८६ मध्ये बेलने त्या मेजवानीच्या आज्ञेवर आख्खा ग्रंथ लिहिला. ज्या अर्थामुळे माणसाला गुन्हा करणे कर्तव्य ठरते, तो अर्थ चुकीचाच असला पाहिजे, मग अक्षरे काहीही म्हणोत, हा त्याचा निकष होता. इतक्या दुःखातून आलेला आणि इतका स्वच्छ निकष या विषयात दुसरा नाही.

पैगंबर मुहंमद यांच्याबाबतीत प्रश्न वेगळा आकार घेतो, कारण ६२२ नंतर मदिनेत ते उपदेशकासोबत शासक आणि सेनापतीही होते. शासकाला युद्धे करावी लागतात, तह करावे लागतात, शिक्षा द्याव्या लागतात. त्या निर्णयांचे मोजमाप सातव्या शतकातल्या अरबस्तानाच्या संदर्भात इतिहासकार करतात आणि ते व्हायलाही हवे. पण अनुयायांपुढे तो सगळा इतिहास नमुना म्हणून उभा असतो, आणि नमुन्यात बद्रची लढाई आहे तसा ६२८ चा हुदैबियाचा तह आहे, ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर शत्रूंना दिलेली मोठी माफीही आहे. कोणता उचलायचा हे उचलणारा ठरवतो. ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर पैगंबरांचेच नातू हुसैन यांना ज्या फौजेने मारले, तिच्यातली माणसे पैगंबरांनीच शिकवलेली नमाज पढत होती. २०१४ मध्ये इराक आणि सीरियात अबू बक्र अल-बगदादीने खिलाफत जाहीर केली, तेव्हा जगभरातल्या शंभराहून अधिक मुस्लिम धर्मपंडितांनी त्याला खुले पत्र लिहून धर्मशास्त्राच्याच आधाराने त्याचा एकेक दावा खोडला. खरे काम ते होते.

आणि आता बुद्ध. या प्रकरणाचा कस इथेच लागतो, कारण बुद्धांइतके हिंसेचे दरवाजे बंद करत गेलेला दुसरा संस्थापक सापडणे कठीण.

पाली ग्रंथांत एक प्रसंग आहे. एक सेनानायक बुद्धांना विचारतो की रणांगणात लढताना मरणारा योद्धा स्वर्गात जातो असे पूर्वीचे गुरू सांगत, तुमचे काय मत? बुद्ध दोनदा म्हणतात, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की मारण्याच्या भावनेने भरलेले चित्त घेऊन मरणारा नरकात जातो, आणि त्याला स्वर्ग मिळतो हे मत खोटे आहे. सेनानायक रडू लागतो. उत्तराचे दुःख नाही, तो म्हणतो, इतकी वर्षे मला फसवले गेले याचे आहे. दुसऱ्या एका उपदेशात बुद्ध भिक्खूंना सांगतात की दरोडेखोर करवतीने तुमचे अवयव कापत असले तरी ज्याच्या मनात त्यांच्याविषयी द्वेष येईल तो माझ्या शिकवणुकीप्रमाणे चालणारा नव्हे. संघाच्या नियमांत जाणूनबुजून माणसाला मारणारा किंवा मरणाला प्रवृत्त करणारा भिक्खू त्या क्षणीच भिक्खू राहत नाही. पळवाट ठेवलेलीच नाही.

एवढे असून काय झाले?

श्रीलंकेचा ‘महावंस’ हा ग्रंथ बुद्धांनंतर जवळपास हजार वर्षांनी, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास भिक्खूंच्या हातून रचला गेला. त्याचा नायक राजा दुट्ठगामणी. अनुराधपूरवर राज्य करणाऱ्या एळार या तमिळ राजाला तो युद्धात मारतो. त्याच्या भाल्यात बुद्धांचा अस्थी-अवशेष आहे आणि सैन्यासोबत ५०० भिक्खू आहेत. विजयानंतर हजारो मृत्यूंच्या आठवणीने राजाला चैन पडत नाही, तेव्हा आठ अर्हत त्याचे सांत्वन करायला येतात. ते त्याला सांगतात की तू खरे तर दीडच माणूस मारलास. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही स्वीकारले होते. बाकीचे अश्रद्ध, पशूंसारखे.

त्याच ग्रंथात एळार न्यायी असल्याचे वर्णन आहे, आणि विजेत्याने त्याची समाधी बांधून तिला मान द्यायला लावला असेही आहे. ग्रंथकाराच्या मनातही काहीतरी अस्वस्थ होते. तरी ते दीड माणसाचे गणित कागदावर उतरले आणि टिकले.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी कोलंबोत पंतप्रधान बंडारनायके यांच्या घरी चीवर घातलेल्या तल्दुवे सोमाराम याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी ते वारले. कटाचा सूत्रधार ठरला तो केलनियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख बुद्धरक्खित. सिंहली-बौद्ध राजकारणाच्या ज्या लाटेवर बंडारनायके १९५६ मध्ये सत्तेवर आले होते, तिच्यातलाच हा एक वजनदार माणूस. बुद्धांच्या नियमाप्रमाणे चाप ओढणाऱ्याचे भिक्खूपण त्याच क्षणी संपले. पण विहाराची मालमत्ता, निवडणुकीतला दबदबा आणि दुखावलेले हितसंबंध एका भिक्खूला कटापर्यंत कसे घेऊन जातात, याचे उत्तर त्या नियमात नाही.

म्यानमारमध्ये २०१२ पासून रोहिंग्यांविरुद्ध आणि इतर मुस्लिमांविरुद्ध हिंसा उसळली. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात ४० हून अधिक लोक मारले गेले. मुस्लिमांवर बहिष्कार टाका असा प्रचार करणाऱ्या अशिन विराथू या भिक्खूचे नाव जगभर झाले. ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या कारवाईमुळे ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस म्यानमारमधले अत्यंत मान्यवर भिक्खू सितागू सयादो यांनी कायिन राज्यात लष्करी अधिकाऱ्यांपुढे प्रवचन दिले. त्यात त्यांनी दुट्ठगामणीची गोष्ट सांगितली, दीड माणसाच्या हिशेबासकट. सेनानायकाला नरकाची जाणीव देणारा प्रसंगही त्यांच्याच पाली परंपरेत होता. ऐकायला बसलेल्या अधिकाऱ्यांना तो जास्त लागू होता. निवड दुसऱ्या गोष्टीची झाली, आणि ती निवड करणारा माणूस पाली ग्रंथांचा गाढा अभ्यासक होता.

मेइक्तिलामध्येच, त्याच दंगलीत, एका विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी शेकडो मुस्लिमांना आश्रय दिला आणि जमावाला दारातून परत पाठवले. २००७ मध्ये याच देशातले हजारो भिक्खू लष्करशाहीविरुद्ध मैत्रीसूत्र म्हणत रस्त्यावर उतरले होते. ‘खरे बौद्ध’ कोण याचा वाद इथे निरर्थक ठरतो. सगळ्यांनी तेच चीवर घातले होते.

बुद्धांकडे बोट दाखवायला काही जागा आहे का? प्रामाणिकपणे शोधले तर एक सापडते. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जी गणराज्यावर चढाई करायच्या बेतात होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला बुद्धांकडे पाठवले. बुद्धांनी वज्जींची एकजूट जोवर टिकेल तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही, असे आनंदाशी बोलताना सांगितले. मंत्र्याने त्यातून नेमका धडा घेतला: आधी फूट पाडायची. पुढे वज्जी हरले. राजाला युद्ध करू नकोस असे बुद्धांनी त्या प्रसंगी स्पष्ट बजावल्याचे ग्रंथात नाही. राजांशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते आणि संघ त्यांच्या दानावरही जगत होता. शिवाय कुसिनारा येथे देह ठेवण्यापूर्वी त्यांनी वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे गुरू असे सांगितले. वारसदारांच्या भांडणातून संघ त्यामुळे वाचला. पण शतकांनंतर एखादा राजा भाल्यात अस्थी बसवू लागला तर ‘हे चालणार नाही’ असे म्हणायला अधिकारी कोणी उरला नाही. हे कारण आहे, दोष नाही. पुढच्या अडीच हजार वर्षांतले प्रत्येक वाकडे वळण आधीच ओळखावे अशी अपेक्षा माणसाकडून करता येत नाही.

बुद्धांचा दोष शोधण्यापेक्षा बुद्धांच्या नावावर काय काय जमा झाले आहे ते निवडून काढणे हे अधिक कष्टाचे काम आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या एका माणसाने अंगावर घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये श्रीलंकेला आणि डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. ज्या देशांत बौद्ध धर्म सत्तेच्या जवळ होता ते देश त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी परंपरेने दिलेला बुद्ध तसाच उचलला नाही. जे बुद्धीला आणि तर्काला धरून नाही, माणसाच्या हिताशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धांचे वचन मानता येणार नाही, अशी कसोटी त्यांनी लावली. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजाचा सेवक, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच विचारला. अहिंसेबद्दलही ते भाबडे नव्हते. मारण्याची हौस आणि मारण्याची निकड यांत बुद्धांनी फरक केला होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. निकड कोणी ठरवायची हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि कोणतेही लष्कर आपल्या बाजूने तिचा दाखला देऊ शकते. म्हणूनच बाबासाहेबांची मांडणीही त्यांच्याच कसोटीने वाचत राहावी लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा दिली ती कुशीनगरचे भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांनी. वयाने तेव्हा ते ऐंशीच्या घरातले, भारतातल्या भिक्खूंमध्ये ज्येष्ठ. त्यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिले. त्यातले पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, त्यांचे रक्षण करीन, ही त्यातली एक. चंद्रमणी जन्माने ब्रह्मदेशी होते. त्यांचा जन्म झाला तो आराकान प्रांतात, जो आज राखाइन म्हणून ओळखला जातो आणि जिथून रोहिंग्यांना पळावे लागले.